चेनीच्या पोटातले तेल: पवनारच्या कोरड्या हिवाळ्यातील सायकल

सायकलीच्या चेनीला तेल देणे ही कृती इतकी किरकोळ समजली जाते की, तिला स्वतःचे शास्त्र आहे आणि ते ऋतूप्रमाणे व मातीप्रमाणे बदलते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धाम नदीच्या काठी वसलेल्या पवनारच्या परिसरात हे शास्त्र विशेष स्पष्टपणे दिसते. कारण येथील जमीन काळी, हिवाळा कोरडा आणि नदीकाठची पहाट दवाची. या तिन्हींचा परिणाम सायकलीच्या ज्या भागावर सर्वाधिक होतो, तो म्हणजे पायाचे बळ मागच्या चाकापर्यंत पोहोचवणारी यंत्रणा: पायडल, क्रँक, पुढचे दातेरी चक्र, चेन आणि फ्रीव्हील.

पवनारची ओळख इतिहासात वाकाटकांच्या प्रवरपूर या राजधानीशी जोडली गेली असून इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी ती आग्रहाने मांडली होती. आधुनिक काळात हे गाव विनोबा भावे यांच्यामुळे सर्वज्ञात झाले. १९३८ मध्ये ते येथे राहावयास आले आणि १९५९ मध्ये त्यांनी येथेच स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. जवळच्या वर्धा शहरातील मगनवाडी येथे १९३४ पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली चालले व तेलघाणीपासून कागदापर्यंत अनेक साधनांवर प्रयोग झाले. यंत्र कोणते स्वीकारावे या प्रश्नाचा इतका सातत्याने विचार झालेला दुसरा परिसर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. यंत्रांच्या वेडाला विरोध करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मधील एका संभाषणात शिवणयंत्राचा मात्र आवर्जून अपवाद केला होता. चालवणाऱ्याच्या हातापायाच्या बळावर चालणारे, त्यालाच उघडता व दुरुस्त करता येणारे साधन, या कसोटीला सायकलही पूर्णपणे उतरते. इतकेच काय, शिवणयंत्राला लागणारे पातळ तेलच सायकलीलाही लागते.

सायकलीची आजची चेन ज्या रचनेवर उभी आहे ती हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने १८८० मध्ये मँचेस्टर येथे सिद्ध केली. त्यापूर्वीच्या साखळ्यांत पिन थेट पट्टीच्या पातळ कडेवर घासत असे, त्यामुळे पिन आणि भोक दोन्ही लवकर झिजत. रेनॉल्डने पिनेवर एक पोकळ नळी बसवली, तिला बुश म्हणतात, आणि बुशावर स्वतंत्रपणे फिरणारे कडे बसवले, त्याला रोलर म्हणतात. पिनेचा भार बुशाच्या संपूर्ण लांबीवर वाटला गेला आणि दात्यावर टेकणारा रोलर घासण्याऐवजी फिरू लागला. १८८५ मध्ये दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला चेनीने ओढणारी सायकल यशस्वी झाली, ती या चेनीच्या आधारावर. पवनारहून वर्ध्याला जाणारी साधी काळी सायकल आजही याच तत्त्वावर चालते, आणि सुमारे दीडशे वर्षांत ज्याच्या मूळ कल्पनेत बदल करावा लागला नाही असे यांत्रिक भाग फार थोडे आहेत.

या एका कडीला किती काम करावे लागते हे गणिताने पाहण्यासारखे आहे. पुढचे चक्र ४४ दात्यांचे, फ्रीव्हील १८ दात्यांचे आणि चाक २८ इंची धरले, तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. आठ किलोमीटरच्या वाटेत, पाय न थांबवता चालवल्यास, सुमारे १,५०० फेरे होतात, आणि चेनीत ११० कड्या असतील तर त्यांतील प्रत्येक कडी जवळजवळ ६०० वेळा संपूर्ण वळसा घालते. प्रत्येक वळशात ती चार वेळा वाकते किंवा सरळ होते: पुढच्या चक्रावर चढताना, उतरताना, आणि तसेच फ्रीव्हीलवर. म्हणजे एका वाटेत प्रत्येक पिन आपल्या बुशात २,३०० हून अधिक वेळा घासली जाते आणि जाऊन-येऊन हा आकडा दुप्पट होतो. हे सर्व घर्षण डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळीत होते. तेलाची खरी गरज असते ती तेथे, आणि तेल सर्वात कमी पोहोचते तेही तेथेच.

चेन लांबली की ती ‘ताणली’ असे म्हटले जाते, परंतु हे वर्णन चुकीचे आहे. पोलादाच्या पट्ट्या पायाच्या बळाने ताणल्या जात नाहीत; प्रत्येक पिन आणि तिचा बुश आतून किंचित झिजतात आणि शंभराहून अधिक सांध्यांतील ही सूक्ष्म झीज एकत्र होऊन चेनीची लांबी वाढते. लांबलेल्या चेनीची कडी दात्याच्या मुळाशी न बसता वर सरकते, दात्यांचा आकार वाकड्या आकड्यासारखा होतो, आणि मग नवी चेन जुन्या दात्यांवर बसत नाही. ही झीज मोजण्यासाठी कोणतेही खास साधन लागत नाही. चेनीतील दोन लगतच्या पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणून २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. शाळेच्या दप्तरातील फूटपट्टी एका पिनेच्या मध्यावर ठेवली असता दुसऱ्या टोकाची पिन १२ इंचांच्या रेघेवर यावयास हवी. ती रेघेपुढे एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर गेली असेल, तर ती चेन बदलण्याची वेळ आली आहे.

तेलाचे काम वेग वाढवणे हे नसून ही झीज रोखणे हे आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, स्वच्छ प्रयोगशाळेत चेन पायाच्या शक्तीपैकी ९८.६ टक्क्यांपर्यंत शक्ती पुढे पोहोचवू शकते आणि वंगणाच्या प्रकाराने या प्रमाणात फारसा फरक पडत नाही. मात्र पवनारचा रस्ता ही प्रयोगशाळा नव्हे. तेथे चेनीबरोबर धूळही फिरते.

कोणते तेल वापरावे, याचे उत्तर वर्धा जिल्ह्याच्या शेतीत आणि तेलघाणीत शोधणे उद्बोधक ठरते. बैलबंडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण, वैदर्भी बोलीत ‘ओंगण’, देण्याची पद्धत जुनी आहे, आणि तिला रासायनिक आधार आहे: एरंडेल घट्ट असते, धातूला चिकटून राहते व हवेने सहजासहजी वाळत नाही. कॅस्ट्रॉल हे प्रसिद्ध तेलाचे नावही एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरून आले आहे. परंतु बंडीच्या जाड आसाला जे मानवते ते चेनीच्या अरुंद फटीत शिरत नाही. याउलट जवसाचे तेल पातळ असले तरी ते हवेतील प्राणवायू शोषून वाळते आणि त्याची पापडी धरते. रंगकामात ते याच गुणासाठी वापरले जाते, आणि याच गुणामुळे चेनीला ते घातक ठरते, कारण थोड्याच दिवसांत त्याचा चिकट डिंक बनून कड्या आखडतात. करडई आणि सरकी यांच्या तेलांतही हा दोष कमी-अधिक प्रमाणात असतो. खोबरेल वाळत नाही, पण सुमारे २४ अंश सेल्सियसच्या खाली ते गोठते, आणि पवनारच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरत असल्याने सकाळी शाळेच्या वेळी ते चेनीवर मेणासारखे बसलेले असते. म्हणून घरात असलेल्या तेलांपैकी शिलाई मशीनचे खनिज तेल हेच सर्वात निर्धोक: ते पातळ असते, वाळत नाही, गोठत नाही आणि केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जाण्याच्या गुणाने, पिनेपर्यंत पोहोचते.

हिवाळ्यातील सायकलीसंबंधी जो सल्ला युरोपातून येतो, तो येथे जसाच्या तसा लावणे चुकीचे आहे. तिकडे हिवाळा म्हणजे पाऊस, बर्फ आणि बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ. खारट पाण्याने गंज झपाट्याने चढतो, म्हणून तेथे पाण्याने न धुतले जाणारे दाट, चिकट तेल योग्य ठरते. पवनारच्या बाजूला तशी स्थिती पावसाळ्यात असते. हिवाळ्यात चिखल वाळून त्याचा फुफाटा होतो, रस्त्याकडेच्या मुरमाचे आणि खडीचे कण त्यात मिसळतात, वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतूही उडतात, आणि हे सर्व ओलसर चेनीला चिकटते. गारगोटीचे कण पोलादालाही ओरखडे पाडण्याइतके कठीण असतात. तेलात मिसळल्यावर त्यांचा एक प्रकारचा घासलेप तयार होतो, आणि जे तेल झीज थांबवण्यासाठी दिले तेच झिजेचे वाहन होते. चेनीवर साचलेले काळे लोणी हे भरपूर तेल दिल्याचे लक्षण मानले जाते. वस्तुतः ते पिन आणि बुश यांचा भुगा झाल्याचे लक्षण आहे.

म्हणून येथील योग्य पद्धत अशी: प्रथम कोरड्या फडक्याने व जुन्या दातब्रशाने चेन स्वच्छ करावी; मग पायडल हळूहळू उलटे फिरवत, खालच्या पदराच्या आतील बाजूने प्रत्येक रोलरवर एकच थेंब सोडावा, म्हणजे सर्व चेनीला मिळून चहाचा एक चमचाभर तेल पुरते; त्यानंतर ते आत मुरण्यासाठी रात्रभर वेळ द्यावा; आणि सकाळी निघण्यापूर्वी बाहेरचे सर्व तेल, फडक्याला डाग पडेनासा होईपर्यंत, पुसून काढावे. पुसल्यावर जो अदृश्य पातळ थर उरतो तो दवापासून संरक्षण करण्यास पुरेसा असतो, मात्र त्यासाठी सायकल रात्री छपराखाली असली पाहिजे. कोरड्या ऋतूत वितळलेल्या मेणात चेन बुडवण्याचा पर्यायही चांगला आहे, कारण थंड झालेल्या मेणाला धूळ चिकटत नाही. मेणाचे भांडे मात्र थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्यात ठेवावे लागते.

फ्रीव्हीलची गोष्ट याहून नाजूक आहे. पाय थांबले तरी चाक फिरत राहावे यासाठी त्याच्या आत दोन छोट्या खिट्ट्या असतात, त्यांना मिस्त्री ‘कुत्रे’ म्हणतात. केसासारख्या बारीक स्प्रिंगने त्या आतील दात्यांवर दाबलेल्या असतात, आणि उताराला ऐकू येणारा टकटक आवाज त्यांचाच असतो. यात ग्रीस भरले तर थंडीत ते घट्ट होऊन कुत्रे चिकटतात, स्प्रिंगचे बळ अपुरे पडते, आणि पायडल रिकामेच फिरते. हबच्या आणि क्रँकच्या छर्ऱ्यांना ग्रीस, परंतु फ्रीव्हीलला केवळ पातळ तेल, हा भेद म्हणूनच पाळावा लागतो.

हे ज्ञान पुस्तकांपेक्षा रस्त्याकडेच्या मिस्त्रीच्या हातात राहिले. सायकल पूर्ण उघडून, धुऊन, पुन्हा जोडण्याच्या कामाला इंग्रजीत ओव्हरहॉल म्हणतात. मराठी तोंडाने त्याचे ‘ओव्हरऑइल’ केले. हा अपभ्रंश अर्थपूर्ण आहे, कारण त्या कामाचा आत्मा तेलात आहे हे लोकांनी ओळखले. परंतु त्यातील ‘ओव्हर’ने गैरसमजही रुजवला: जास्त तेल म्हणजे जास्त काळजी.

अडचणी मात्र अनेक आहेत. मिस्त्रीचे काम मोटारसायकलीकडे वळले आहे. धुण्यासाठी वापरले जाणारे रेशनचे रॉकेल दुर्मीळ झाले, त्याची जागा डिझेलने आणि कोठे कोठे पेट्रोलने घेतली, ज्यात आगीचा धोका आहे. गॅरेजमधून फुकट मिळणारे जळके ऑइल चेनीवर ओतण्याची सवय व्यापक आहे. त्यात काजळी आणि धातूचे कण आधीच असतात, आणि ते कातडीला अपायकारक असते. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल धरली की पाणी चेनीच्या आणि छर्ऱ्यांच्या पोटात शिरते. नव्या गिअरच्या सायकलींची चेन अरुंद असते, तिच्यात स्वतंत्र बुश नसतो व ती पूर्णपणे उघडी असते, त्यामुळे धुळीची वाट अधिक सोपी होते.

सर्वात चिंतेची बाब वेगळी आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या निवडक मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात, आणि सायकलीमुळे शिक्षण टिकते. ओढणी अडकू नये म्हणून मुलींच्या सायकलींना बहुधा पूर्ण चेनकव्हर असते. ते धूळ अडवते, पण आतला गंज आणि कोरडेपणाही झाकते, आणि करकर ऐकू येईपर्यंत चेन झिजलेली असते. सायकल देणारी योजना तेलाची बाटली देत नाही, आणि कव्हरचे स्क्रू कसे काढावेत हे शाळेत शिकवले जात नाही. कार्यानुभवाचा एक तास, एक स्क्रूड्रायव्हर आणि विद्यार्थिनीची स्वतःची फूटपट्टी एवढ्यावर हे शिक्षण होऊ शकते. ज्या परिसरात हाताच्या कामातून शिक्षण देणारी नयी तालीम वाढली, तेथे तरी ते व्हावयास हवे.

यासाठी मुहूर्तही परंपरेने ठरवून ठेवला आहे. पावसाळा ओसरून हिवाळा लागण्याच्या सुमारास खंडेनवमी येते, आणि त्या दिवशी घरोघरी सायकल धुऊन तिला हळदकुंकू व झेंडूचा हार घातला जातो. धुतलेली चेन तशीच ओली सोडली तर पूजेच्या दुसऱ्याच दिवशी तिच्यावर तांबूस गंज दिसू लागतो. म्हणून हार घालण्यापूर्वी चेन पुसून कोरडी करावी, प्रत्येक कडीला एक थेंब द्यावा, आणि दसऱ्याच्या सकाळी बाहेरचे तेल पुसून काढावे.