तुला पाणी पाहिजे का?

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे वाशिमहून गावी गेले की घरातला प्रत्येक कागद माझ्यापुढे येतो. गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावाच्या शाळेतून चिठ्ठी आली : मुलगा तीच ती वाक्ये बोलून वर्गात व्यत्यय आणतो, काही दिवस घरी ठेवावे.

भाऊ नऊ वर्षांचा, स्वमग्न आहे. ‘तुला पाणी पाहिजे का?’ असे विचारले की तोही ‘तुला पाणी पाहिजे का?’ एवढेच म्हणतो. तो वेडावतो असे समजून मी एकदा त्याला चापट मारली होती, हे इथे कबूल करते.

ते वेडावणे नव्हे. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांविषयी लिहिले, त्यातही हे पुनरुच्चार आहेत. अशी मुले सर्वनामेसुद्धा ऐकली तशीच उच्चारतात आणि प्रश्न परत म्हणणे हाच त्यांचा ‘हो’ असतो, हे त्यांनी टिपले होते. म्हणजे ‘गप्प बस’ म्हणून आपण त्याचा ‘हो’च बंद करतो!

विशेष शिक्षिकेने आम्हांला सांगितले, प्रश्न कमी विचारा. त्याने जे म्हणायला हवे तेच वाक्य तुम्ही म्हणा. पेला दाखवून ‘मला पाणी पाहिजे’ म्हणायचे आणि थांबायचे. नुसते ‘पाणी’ म्हटले तरी लगेच द्यायचे. यात आमच्या वऱ्हाडीने गंमत केली. मी ‘मी जेवली’ म्हटले, तोही ‘मी जेवली’ म्हणू लागला आणि पोरे हसली. आता त्याच्यासमोर मीच ‘मी जेवलो’ म्हणते. हसते ती आई.

पूर्वी कधी ऐकलेले वाक्य मध्येच आले की मात्र कोडे पडते. वर्गात तो एस.टी. स्टँडवरची रिसोड-मालेगावची घोषणा म्हणत असे. केव्हा म्हणाला, त्याआधी काय घडले, हे आम्ही वहीत लिहू लागलो. घरी पाहुण्यांचा गोंगाट वाढला की घोषणा सुरू! त्याला इथून जायचे असे. मग दाराकडे नेऊन ‘मला बाहेर जायचंय’ हे वाक्य त्याला दिले. प्रत्येक आवाजाला अर्थ असतोच असे नाही. त्याचे गुणगुणणे स्वतःला शांत करण्यापुरते असते. ते कशाला थांबवायचे?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वमग्नता आहे, हे दाखवायला मी कागद घेऊन शाळेत गेले. गुरुजींनी कागद बाजूला ठेवून वही मागितली.

दिवाळीनंतर भाऊ दाराजवळच्या जागी बसू लागला. एकदा घोषणा सुरू झाली, तेव्हा फळ्यावर लिहिता लिहिता गुरुजीच म्हणाले, ‘मला बाहेर जायचंय.’ सारा वर्ग त्यांच्याकडे पाहू लागला. भाऊ तेवढे म्हणाला आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.