आधी सांधे, मग मेंदू

सुतारकामाच्या कारखान्यात पंधरा-वीस वर्षे राबलेले सीएनसी राउटर एखाद्या सकाळी सुरूच होत नाही. दारांच्या पॅनलची ऑर्डर अर्धी कापून झालेली असते. मग सल्ला मिळतो, 'भंगारात घाला, नवीन घ्या.' नवीन म्हणजे कर्ज आले, हप्ते आले. म्हणून हा सल्ला मानण्यापूर्वी मालकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा. यंत्राचे नेमके काय म्हातारे झाले आहे?

सीएनसी म्हणजे आकड्यांच्या हुकमावर चालणारे यंत्र. या जातीचे मिलिंग यंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने १९५२ मध्ये दाखवले. त्या काळी हुकूम भोके पाडलेल्या कागदी फितीवरून जात. आज ते संगणकावरून जातात. लाकडाच्या राउटरचे तत्त्वही तेच. मोटारी स्पिंडलला डावी-उजवीकडे, मागे-पुढे आणि वर-खाली नेतात. स्पिंडलमधला बिट फिरत फिरत नक्षी कोरतो.

अशा यंत्राला दोन वये असतात. लोखंडी सांगाडा नीट राखला तर दशके टिकतो. इलेक्ट्रॉनिक भागाचे आयुष्य त्या मानाने थोडे. २००० नंतरच्या दशकातली बरीच छोटी राउटर विंडोज एक्सपीच्या संगणकावर, जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टमधून चालत. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये थांबवली आणि नव्या संगणकांवर तो पोर्टही सहसा नसतो. म्हणजे धड शाबूत आणि मेंदू निकामी, अशी गत होते. हा मेंदू बदलता येतो. इथरनेटने जोडायचा कंट्रोलर मिळतो, हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर मिळतो. लिनक्ससीएनसी ही प्रणाली तर मोफत आहे.

पण इथे घाई करू नये. नवा कंट्रोलर हुकूम अचूक सोडेल. ढिला नट तो अचूक पाळणार नाही. म्हणून आधी सांधे तपासावेत.

मेन स्विच बंद करूनच हात घालावा. स्पिंडलला वीज पुरवणाऱ्या ड्राइव्हमध्ये स्विच बंद केल्यावरही काही मिनिटे धोकादायक दाब शिल्लक राहतो, तेवढा वेळ थांबावे. मग सफाई. लाकडाचा भुस्सा आणि तेल मिसळले की त्याचा लगदा होतो आणि बेअरिंगची झीज वाढते. हवेच्या जोराने भुस्सा उडवला तर तो आणखी आत शिरतो. तो व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. जुने ग्रीस फडक्याने पूर्ण पुसावे आणि नवे बेताने लावावे.

त्यानंतर परीक्षा घ्यावी. ४०० बाय ३०० मिलिमीटरचा आयत कापावा. त्याचे दोन्ही कर्ण बरोबर ५०० भरले पाहिजेत. एक कमी, एक जास्त भरला तर वरचा पूल तिरका झाला आहे. मग वर्तुळ कापावे. जिथे मोटार दिशा बदलते तिथे वर्तुळाला पायरी किंवा चपटेपणा आला, तर स्क्रूमध्ये किंवा नटमध्ये 'प्ले' आहे असे समजावे. डायल गेज लावला की तो किती आहे हे कळते.

हा प्ले काढल्यावरच आकड्यांकडे वळावे. साधी स्टेपर मोटार एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्राइव्हने प्रत्येक पावलाचे १० भाग केले आणि एका फेऱ्यात स्क्रूने यंत्राला ५ मिलिमीटर पुढे नेले, तर एका मिलिमीटरला ४०० ठोके लागतात. १००० मिलिमीटर सांगितल्यावर यंत्र ९९८ गेले, तर ४०० ला १००० ने गुणून ९९८ ने भागावे. उत्तर येते ४००.८. तेच नव्या सेटिंगमध्ये भरावे. झिजलेला नट तसाच ठेवून आकडा बदलला, तर एका जागी माप जुळते आणि दुसऱ्या जागी चुकते.

स्टेपर मोटार आज्ञाधारक असते, पण मुकी. लाकडाच्या गाठीत अडकून चार पावले चुकली तरी ती सांगत नाही आणि पुढची सगळी नक्षी सरकते. एन्कोडर असलेली क्लोज्ड लूप मोटार मात्र चूक ओळखते. पैसे मोजायचे असतील तर या बदलासाठी मोजावेत.

यंत्र हळू चालवले म्हणजे जपले, असा एक समज आहे. हिशेब करून पाहू. स्पिंडल मिनिटाला १८,००० फेरे घेतो, बिटला दोन धारा आहेत आणि यंत्र मिनिटाला ३,६०० मिलिमीटर सरकते. म्हणजे प्रत्येक धार ०.१ मिलिमीटरचा तुकडा उचलते. वेग फारच कमी केला तर धार कापण्याऐवजी घासते, लाकूड करपते आणि बिट बोथट होतो. सागवानात सिलिका असते, तिथे तर धार आणखी लवकर जाते. बिट धरणारा कोलेटही झिजतो. तो वेळीच बदलावा, नाहीतर फिरता बिट निसटू शकतो.

दोन गोष्टींत काटकसर नको. लाल बटण दाबताच मोटारींची आणि स्पिंडलची वीज तुटली पाहिजे. तो हुकूम संगणकाच्या मर्जीवर सोडू नये. आणि भुस्सा ओढणारे यंत्र हवेच. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे. राउटर दुरुस्त होईल, कारागिराच्या छातीचे काय?

सांगाडाच वाकला असेल, रेल लांबवर खड्डेदार झाली असेल, तर मात्र भंगाराचा सल्ला खरा मानावा. एरवी यंत्राशेजारी एक वही टांगावी. ठोक्यांचा आकडा, वेगाच्या मर्यादा, ग्रीसची तारीख, कोणती वायर कुठे जोडली आहे, हे सगळे तिच्यात लिहावे. जुना संगणक बंद पडतो तेव्हा हे आकडेही त्याच्याबरोबर जातात. ते वहीत असले, तर अर्धी राहिलेली ऑर्डर लवकर मार्गी लागते.