ढेकूण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिक हे मुक्कामाचे शहर आहे. पंचवटीत यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या राहिल्या, तीर्थोपाध्यायांनी आपल्या वाड्यांतील ओसऱ्या आणि माड्या परगावच्या यजमानांसाठी मोकळ्या ठेवल्या, पुढे सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांनी दूरदूरच्या कामगारांची बिऱ्हाडे येथे आणली आणि शिक्षणासाठी आलेल्या मुलामुलींनी वसतिगृहे व भाड्याच्या खोल्या भरून टाकल्या; तेव्हा वळकटी घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची रहदारी या नगरीच्या अंगवळणी पडलेली आहे. दर बारा वर्षांनी येणारे सिंहस्थपर्व ही रहदारी अनेक पटींनी वाढवते. २०१५ मध्ये ती आपण अनुभवली, आणि २०२६-२७ च्या पर्वात ती पुन्हा अनुभवास येणार आहे. जेथे माणसे आपले सामानसुमान घेऊन हिंडतात तेथे त्या सामानाच्या शिवणींत दडून ढेकूणही हिंडतो, हा सृष्टिक्रम आहे. त्यात कोणाची बेअब्रू होण्यासारखे काही नाही. तथापि ज्या घरात ढेकूण निघतो त्या घरातील माणसे एखादा गुन्हा दडवावा तशी ती गोष्ट दडवतात, आणि या दडवादडवीच्या आश्रयानेच त्याचा वंश वाढतो. म्हणून प्रचलित समजुती एकेक घेऊन त्यांची रुजुवात करून पाहणे अगत्याचे वाटते.

गैरसमज : ढेकूण अस्वच्छ घरातच होतात

वस्तुस्थिती अशी की, ढेकणाचा आहार रक्त, आणि केवळ रक्त. खरकटे, धूळ, ओल किंवा कचरा यांपैकी कशावरही तो उपजीविका करीत नाही. त्यामुळे झाडून-पुसून लख्ख ठेवलेला बंगला आणि एका खोलीत सहा जणांनी थाटलेले बिऱ्हाड यांत तो भेदभाव करीत नाही. निजलेल्या माणसाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड, शरीराची ऊब आणि गंध एवढ्या खुणा त्याला पुरतात. प्रवासाची पेटी, पाहुण्यांची पिशवी, जुन्या बाजारातून स्वस्तात आणलेला दिवाण किंवा सोफा, आणि सामाईक भिंतीतील भेगा व विजेच्या तारांची नळी हे त्याचे घरात शिरण्याचे मार्ग होत. स्वच्छतेचा उपयोग नाही असे मात्र नव्हे. अडगळ जितकी कमी तितक्या त्याला लपण्याच्या जागा कमी, आणि तितका तो लवकर दृष्टीस पडतो.

ढेकणावर नैतिक कलंक लादण्याची प्रवृत्ती जुनी आहे. त्याच्या संसर्गाने हिरादेखील भंगतो ही लोकसमजूत तुकोबांनी कुसंगतीच्या दृष्टान्तासाठी योजिली. हिऱ्याला ढेकणापासून कसलाही अपाय संभवत नाही, पण दृष्टान्त लोकांच्या मनात इतका खोल रुजला की ढेकूण म्हणजे कुसंगतीची निशाणी, असे समीकरणच होऊन बसले. त्याचा भार बहुधा दुर्बलांवर पडतो. घरात ढेकूण निघाला की पहिला संशय मोलकरणीवर, नव्या भाडेकरूवर किंवा वसतिगृहातून सुटीला आलेल्या मुलावर घेतला जातो, आणि तहकीकात न करताच निकाल दिला जातो. हा अन्याय आहे. आणि निरुपयोगी अन्याय आहे, कारण दोषी इसम ठरवून ढेकूण जात नाही.

गैरसमज : ढेकूण माणसाच्या अंगावर राहतो, आणि इतका सूक्ष्म असतो की दिसत नाही

‘पंचतंत्रा’त मंदविसर्पिणी नावाची ऊ आणि अग्निमुख नावाचा मत्कुण, म्हणजे ढेकूण, यांची कथा आहे. उतावळा मत्कुण राजा झोपी जाण्यापूर्वीच त्याला चावतो आणि खाटेच्या आडोशाला पळून जातो. शोध घेणाऱ्या सेवकांना वस्त्राच्या पदरात सापडते ती बिचारी ऊ, आणि शिक्षाही तिलाच होते. कथेचे तात्पर्य काहीही असो, ती रचणाऱ्याचे निरीक्षण अचूक होते. ऊ माणसाच्या केसांत व वस्त्रांत राहते. ढेकूण पाच-दहा मिनिटांत रक्त पिऊन आपल्या फटीकडे परत जातो. त्याला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. तो केवळ चालतो, पण चपळाईने चालतो.

पूर्ण वाढलेला ढेकूण चार ते सात मिलिमीटर लांबीचा, तांबूस तपकिरी, चपटा, सालासकट मसुराच्या दाण्याएवढा असतो. रक्त प्यायल्यावर तो लांबट, फुगीर आणि गडद लाल दिसतो. पिल्ले फिकट पिवळसर आणि अंडी पांढुरकी, मिलिमीटरभर लांबीची व पृष्ठभागाला चिकटवलेली असतात. उबदार हवेत सहा ते दहा दिवसांत अंड्यातून पिल्लू बाहेर येते, पाच वेळा कात टाकते, प्रत्येक वेळी त्यापूर्वी त्याला रक्त प्यावे लागते, आणि सुमारे दीड-दोन महिन्यांत ते प्रौढ होते. मादी आपल्या आयुष्यात दोनशेहून अधिक अंडी घालू शकते. लाजेपायी गमावलेला एक महिना किती महाग पडतो, याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

गैरसमज : चावल्याच्या खुणांवरून ढेकूण ओळखता येतो

एका ओळीत तीन गांधी उठल्या म्हणजे ढेकूणच, अशी एक समजूत आहे. वस्तुतः त्वचेवरील प्रतिक्रिया व्यक्तिपरत्वे भिन्न असते. एकाच बिछान्यावर निजणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर चकंदळे उठतात आणि दुसऱ्याच्या अंगावर काहीच दिसत नाही. काहींच्या बाबतीत खूण उमटावयास कित्येक दिवस लागतात. डास, पिसू, खरूज आणि पित्त यांच्या खुणाही याच्याशी साम्य दाखवतात. म्हणून पुरावा शोधावयाचा तो त्वचेवर नव्हे, बिछान्यात.

त्यासाठी विजेरी आणि एखादे जुने प्लॅस्टिकचे कार्ड पुरे. गादीच्या शिवणी व कडा, खाटेचे सांधे आणि स्क्रूची छिद्रे, दिवाणाच्या पेटीचे कोपरे, डोक्याकडील फळीची मागची बाजू, भिंतीवरील तसबिरी, पडद्यांच्या चुण्या, विजेच्या बटणांची पेटी आणि जुन्या वाड्यांत तुळया व तक्तपोशीच्या फटी ही ठिकाणे क्रमाने तपासावी. ओल्या फडक्याने पुसता पसरणारे काळे ठिपके, म्हणजे पचलेल्या रक्ताची विष्ठा, टाकलेली कात, चादरीवरील रक्ताचे बारीक डाग, आणि उपद्रव फार झाला असल्यास येणारा उग्र, गोडसर वास, या खुणा मिळाल्या की शंकेला जागा उरत नाही.

गैरसमज : ढेकणामुळे भयंकर रोग पसरतात

रक्त पिणारा कीटक रोगही पसरवीत असणार, हा तर्क स्वाभाविक आहे, आणि शास्त्रज्ञांनीही तो एके काळी गांभीर्याने घेतला होता. १९०७ मध्ये मद्रासमध्ये संशोधन करणाऱ्या पॅटन यांनी काळा आजार ढेकणामार्फत पसरत असावा असे मत मांडले. अनेक वर्षांच्या शोधानंतर १९४२ मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी मानवी स्वयंसेवकांवरील प्रयोगाने तो दोष वाळूमाशीवर सिद्ध केला, आणि ढेकूण त्या आरोपातून मुक्त झाला. अनेक रोगजंतू ढेकणाच्या शरीरात आढळले असले, तरी नित्याच्या जीवनात तो माणसांमध्ये रोग पसरवतो असे आजवर सिद्ध झालेले नाही.

याचा अर्थ तो निरुपद्रवी आहे असा मात्र नाही. खाजवून झालेल्या जखमा चिघळतात, काहींना तीव्र ॲलर्जी होते, उपद्रव पराकोटीचा असल्यास लहान मुले व वृद्ध यांच्या अंगातील रक्त कमी होऊ शकते, आणि रात्रीमागून रात्री झोप मोडल्याने मनाला जी उद्विग्नता येते तिची दखल तर कोणी घेतच नाही. जखम चिघळली, अंगावर सूज आली किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर वैद्यकीय सल्ला घेण्यात हयगय करू नये.

गैरसमज : गादीला ऊन दाखवले किंवा घर महिनाभर बंद ठेवले की ढेकूण मरतात

उष्णतेने ढेकूण मरतो हे सत्य आहे. प्रश्न मात्रेचा आहे. ४८ अंश सेल्सिअस तापमान दीड तास टिकले तर ढेकूण व अंडी दोन्ही नष्ट होतात, आणि ५५ अंशांपुढे ते तत्काळ मरतात. नाशिकच्या वैशाखात हवेचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते. गच्चीवर टाकलेल्या गादीचा वरचा पृष्ठभाग त्याहून बराच तापत असला, तरी कापसाच्या आतील भाग आणि खालची बाजू तितकी तापत नाही, आणि ढेकूण चालत चालत सावलीच्या बाजूस निघून जातो. ऊन दाखवून झटकल्याने संख्या घटते, निर्मूलन होत नाही. थंडीचेही तसेच. निफाडचा गारठा महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे, पण ढेकूण मारावयास उणे १८ अंशांचा गारठा सलग चार दिवस लागतो, आणि तो डीप फ्रीझरमध्येच मिळतो. उपासमारीचा उपायही लटका, कारण आपल्या उष्ण हवेतही ढेकूण कित्येक आठवडे अन्नावाचून तग धरतो आणि थंड हवेत तर तो वर्षभराहून अधिक काळ जगल्याची नोंद आहे.

गैरसमज : एकच जालीम औषध मारले की काम संपते

हा समज सर्वांत घातक. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले तेव्हा ढेकणाचा निकाल लागला असेच जगाला वाटले. परंतु १९४७ मध्येच पर्ल हार्बर येथील नौदलाच्या बराकींत डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले. १९५३ मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू होऊन घरोघर डीडीटी फवारले जाऊ लागले; पुढे ढेकूण मरेनासे झाले तेव्हा अनेक गावांतील लोकांनी फवारणीवाल्यांना दारातूनच परत पाठवले. आज डासांच्या फवाऱ्यांत असणाऱ्या पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांनाही ढेकूण मोठ्या प्रमाणावर सरावले आहेत. शिवाय अंड्यांवर बहुतेक औषधांचा परिणाम होत नाही, आणि खोलीभर धूर सोडणारी साधने ढेकणांना मारण्याऐवजी शेजारच्या खोलीत पांगवतात. कापूर, डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला यांवरही भिस्त ठेवता येत नाही.

नाशिक जिल्ह्याला एक निराळी खबरदारी सांगावीशी वाटते. द्राक्षबागेसाठी आणलेले कीटकनाशक उरले म्हणून ते गादीवर फवारणे, किंवा धान्यात ठेवावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या खाटेखाली ठेवणे, हे प्राणाशी गाठ घालणारे कृत्य आहे. या गोळ्यांपासून हवेतील ओलाव्याने फॉस्फीन वायू निघतो, तो भिंतीच्या भेगांतून शेजारच्या घरातही शिरतो, आणि त्यावर उतारा नाही. अशा प्रकाराने निष्पाप माणसे, विशेषतः मुले, दगावल्याच्या दुर्घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. रॉकेल ओतणेही आगीला आमंत्रण होय. औषध मारावयाचेच असेल तर कीटकनाशक अधिनियम, १९६८ अन्वये परवाना असलेल्या व्यावसायिकाकडूनच मारावे, आणि कोणते औषध वापरणार व घराबाहेर किती वेळ राहावे हे त्याच्याकडून लेखी घ्यावे.

मग करावे काय?

प्रथम, आपली निजण्याची खोली बदलू नये. ढेकूण माणसाच्या मागोमाग जातात आणि एका खोलीचा उपद्रव दोन खोल्यांत होतो. चादरी, अभ्रे व कपडे खोलीतच पिशवीत बांधून, ६० अंशांच्या गरम पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवावे आणि बंद पिशवीत ठेवावे. खाट सुटी करून प्रत्येक सांध्यात उकळते पाणी ओतावे किंवा वाफ द्यावी. लोखंडी खाटेबाबत ही जुनी पद्धत आजही उत्तम आहे. शिवणी व फटी व्हॅक्यूम क्लीनरने शोषून घेऊन त्यातील पिशवी घराबाहेर बांधून टाकावी. भिंतीच्या व लाकडाच्या फटी लांबी भरून बुजवाव्या. नंतर खाट भिंतीपासून दूर सरकवून, पांघरूण जमिनीला टेकणार नाही असे पाहून, खाटेचे पाय साबणाच्या पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवावे. आपल्याकडील उष्ण कटिबंधातील जात, सायमेक्स हेमिप्टेरस, गुळगुळीत पृष्ठभागावरही सहज चढते. म्हणून कोरडी वाटी पुरत नाही. औषध मारले तरी दहा ते चौदा दिवसांनी, अंड्यांतून पिल्ले बाहेर आल्यावर, ते पुन्हा मारणे भाग आहे; आणि दोन महिने एकही खूण न आढळेपर्यंत बंदोबस्त सैल करू नये.

गादी फेकून देण्याची घाई नसावी. रस्त्याच्या कडेला टाकलेली गादी कोणी गरजवंत उचलून नेतो आणि त्याच्या घरात तोच उपद्रव सुरू होतो; टाकणे अपरिहार्यच असेल तर ती फाडून, प्लॅस्टिकमध्ये बांधून टाकावी. प्रवासात मुक्कामाच्या खोलीतील गादीच्या शिवणी आधी पाहाव्या, सामान पलंगावर न ठेवता उंचावर ठेवावे, घरी परतल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाकावे. आणि जुने लाकडी सामान घरात घेण्यापूर्वी त्याचा सांधा न् सांधा दिवसाउजेडी तपासावा.

या सर्वांहून महत्त्वाचे एक काम उरते, आणि त्याला पैसा लागत नाही. वाड्यातील बिऱ्हाडे असोत की इमारतीतील सदनिका, भिंती सामाईक असतील तेथे एकट्याने केलेला इलाज टिकत नाही. वर-खाली आणि दोन्ही बाजूंची घरे एकाच आठवड्यात तपासली गेली तरच यश येते. त्यासाठी कोणीतरी पहिल्याने शेजाऱ्याचे दार वाजवून, आमच्याकडे ढेकूण निघाले आहेत, तुम्हीही पाहून घ्या, असे सांगितले पाहिजे. हे सांगणारा माणूस आपल्या घराची अब्रू घालवीत नसून शेजाऱ्याच्या लेकरांची झोप राखीत असतो, आणि ते ऐकणाऱ्याने नाक न मुरडता त्याचे आभार मानावे, हीच त्या शेजारधर्माची दुसरी बाजू होय.