विमारहित वाहनें आणि विमेदार शेतकरी

बारामती व इंदापूर ह्या तालुक्यांत नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी आलें, पाण्याबरोबर ऊस आला, उसाबरोबर साखर कारखाने आले आणि कारखान्यांबरोबर वाहनें आलीं. आज गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे माळेगांव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील कारखान्यांच्या वाटेवर बैलगाडी, दोन-दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर, मालट्रक, मोटारसायकल आणि मोटारगाडी हीं सर्व एकाच रस्त्यानें चालतात. त्यांत भिगवण व इंदापुरावरून जाणारा पुणें-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग आणि पाटस, बारामती, इंदापूर असा जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग यांवरील वेगवान रहदारीची भर पडते. ज्याच्या गोठ्यांत पूर्वीं बैलजोडी होती त्याच्या दारांत आज मोटारसायकल तरी असतेच. पुष्कळांच्या दारांत ट्रॅक्टर व मोटारगाडीही आहे. बैल दगावला तर नुकसान एकट्या धन्याचें होत असे. मोटारीची गोष्ट तशी नाहीं. तिच्याखालीं दुसऱ्याचा जीव गेला तर धन्याची जमीनही त्या हिशेबांत ओढली जाते.

वाहनाचा विमा उतरविणें सक्तीचें आहे, हें बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु तो सर्वजण उतरवितात असें मात्र नाहीं. संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीनें फेब्रुवारी २०२४ मध्यें सादर केलेल्या अहवालांत देशांतील निम्म्याहून अधिक वाहनें विम्यावांचून असल्याचें नमूद आहे. तेव्हां समोरून येणाऱ्या दोन वाहनांपैकीं एक विमारहित आहे, असें धरून चालणेंच शहाणपणाचें. अशा स्थितींत 'माझा विमा आहे, मला कशाची चिंता?' असें म्हणणाऱ्याचीही सुटका होत नाहीं. ती कां होत नाहीं, आणि तिच्यासाठीं कोणत्या प्रकारची पॉलिसी घ्यावी, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

सक्ति कोणत्या विम्याची?

इंग्लंडांत ही सक्ति १९३० च्या कायद्यानें झाली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत तिचें प्रकरण घातलें गेलें व तें १ जुलै १९४६ पासून अमलांत आलें. सध्यां १९८८ चा कायदा लागू असून त्याच्या १४६ व्या कलमाप्रमाणें सार्वजनिक ठिकाणीं चालणाऱ्या मोटार वाहनास तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा असलाच पाहिजे. यासच लोक 'थर्ड पार्टी' म्हणतात. विमेदार हा पहिला पक्ष, विमा कंपनी हा दुसरा, आणि ज्यास आपल्या वाहनानें इजा झाली तो तिसरा. ह्या विम्यांतून विमेदाराच्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीस एक पैसाही मिळत नाहीं. हें मर्म पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं, आणि अपघातानंतर कंपनीस विनाकारण दोष दिला जातो.

विमा नसतां वाहन चालविल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दंड ४,००० रुपये होतो. पण दंड ही किरकोळ बाब होय. खरें संकट भरपाईचें. १ एप्रिल २०२२ पासून अमलांत आलेल्या १६४ व्या कलमान्वयें, चूक कोणाची हें सिद्ध न करितांही, मृत्यु झाल्यास ५ लाख व गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये मागतां येतात. चूक सिद्ध करून १६६ व्या कलमाखालीं दावा केला, तर मृताचें वय, त्याची मिळकत व त्यावर अवलंबून असलेलीं माणसें पाहून न्यायाधिकरण याहून कितीतरी मोठी रक्कम ठरवितें. विमा असेल तर ती कंपनी देते. नसेल तर मालकानें द्यावयाची. त्यानें न दिल्यास १७४ व्या कलमाप्रमाणें जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करूं शकतात. हप्ता वांचविणाऱ्यानें आपला सात-बारा पणास लावलेला असतो, तो असा.

विमेदारास हानि कशी पोंचते?

पहिली हानि शरीराची. विमारहित वाहनानें आपणांस जखमी केलें तर भरपाईसाठीं त्या मालकाखेरीज दुसरा धनी उरत नाहीं. निकाल आपल्या बाजूनें लागला तरी ज्याच्यापाशीं जमीन नाहीं, घर नाहीं, त्याच्याकडून वसूल काय करणार? निकालाचा कागद हातीं राहतो व दवाखान्याचें देणें आपणच फेडतों.

दुसरी हानि गाडीची. आपली पॉलिसी केवळ तिऱ्हाइताची असेल तर आपल्या गाडीचा खर्च सर्वस्वीं आपल्या अंगावर पडतो. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर आपली कंपनी दुरुस्तीचे पैसे देते खरी. परंतु त्यापायीं 'नो क्लेम बोनस' जातो, मग चूक दुसऱ्याची कां असेना. ही सूट दावा न केल्यास क्रमानें २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के अशी वाढत जाते आणि एका दाव्यानें शून्यावर येते. समजा, एखाद्याचा स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे व तो सध्यां ३५ टक्के सूट घेत आहे. त्यानें दावा केला नाहीं तर पुढील वर्षीं ४५ व नंतर कायम ५० टक्के सूट मिळेल. दावा केल्यास पहिल्या वर्षीं ४,५००, दुसऱ्या वर्षीं ३,०००, तिसऱ्या वर्षीं २,५००, चौथ्या वर्षीं १,५०० आणि पांचव्या वर्षीं ५०० रुपये जास्त भरावे लागतील. एकूण १२,००० रुपये. मूळ हप्ता स्थिर धरून हा हिशेब केला आहे. प्रत्यक्षांत तो थोडा कमीअधिक होईल. यावरून दोन गोष्टी निघतात. आठ-दहा हजारांच्या दुरुस्तीसाठीं अशा मनुष्यानें दावा न केलेला बरा. आणि दुसऱ्याच्या चुकीचा भुर्दंड विमेदारास पांच वर्षें पुरतो.

तिसरी हानि संयुक्त चुकीची. दोन वाहनांच्या चुकीनें तिसऱ्या मनुष्यास इजा झाली तर तो आपली संपूर्ण भरपाई दोहोंपैकीं कोणाकडूनही मागूं शकतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं खेन्येई यांच्या प्रकरणांत सांगितलें. एक वाहन विमेदार व दुसरें विमारहित असेल, तर वसुली कोणाकडे वळते हें सांगणें नको. विमेदाराच्या कंपनीनें सर्व रक्कम भरावी व दुसऱ्या मालकाच्या हिश्शासाठीं मग त्याच्या मागें लागावें.

चौथी हानि सर्वांची मिळून. विमा हा अनेकांच्या हप्त्यांतून भरलेला एक सामाईक कणगा आहे. जे हप्ता भरीत नाहींत त्यांच्या वांट्याचा भार कोणत्या ना कोणत्या वाटेनें त्या कणग्यावरच येतो, व तो पुन्हा भरावयाचा हप्ता भरणारांनींच.

सरकारी आधार किती?

आधार मुळींच नाहीं असें नव्हे. ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणें रस्ते अपघातांतील जखमीस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत रोख न भरतां उपचार मिळण्याची सोय आहे. वाहन पळून गेलें व सांपडलें नाहीं, तर मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपये मिळतात. अपघात करणारें विमारहित वाहन जामीन-तारणावांचून सोडूं नये व वेळ पडल्यास तें विकून पैसे न्यायाधिकरणांत भरावे, असा नियम राज्यांनीं करावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं उषा देवी यांच्या प्रकरणांत फर्माविलें. शिवाय महाराष्ट्रांत गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंतून शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूबद्दल त्याच्या कुटुंबास २ लाख रुपये मिळतात. परंतु कर्त्या पुरुषाच्या मागें संसार चालविण्यास इतक्या रकमा पुरत नाहींत. त्या पहिल्या धक्क्यापुरत्या होत.

पॉलिसी निवडतांना

एक : गाडी कर्जाची किंवा नवी असेल तर सर्वसमावेशक पॉलिसीच घ्यावी. तिच्यांत धडक, आग, चोरी व पूर यांचें नुकसान येतें. मे २०२५ च्या अवेळीं पावसांत नीरा डावा कालवा फुटून बारामती भागांत पाणी शिरलें होतें. ती गोष्ट ज्यांच्या स्मरणांत आहे त्यांस पुराचें महत्त्व सांगावयास नको. तथापि पाण्यांत उभ्या असलेल्या गाडीचें इंजिन सुरू केल्यानें तें बिघडलें, तर साध्या पॉलिसींत तें धरीत नाहींत. त्यास इंजिनाचें वेगळें संरक्षण घ्यावें लागतें.

दोन : विमेदाराची घोषित किंमत, जीस 'आय. डी. व्ही.' म्हणतात, ती मुद्दाम कमी लावून हप्ता वांचवूं नये. गाडी चोरीस गेली किंवा पार मोडली तर तेवढीच रक्कम हातीं येते.

तीन : साध्या पॉलिसींत रबर, प्लॅस्टिक व नायलॉन यांच्या भागांवर निम्मी घट कापतात. नव्या गाडीस 'झिरो डेप्रिसिएशन'चें कलम घेतल्यास ही कपात टळते. जुन्या गाडीस त्याचा खर्च परवडेलच असें नाहीं.

चार : मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा कधीं वगळूं नये. समोरचें वाहन विमारहित असो वा पळून गेलेलें असो, मृत्यु किंवा कायमचें अपंगत्व आल्यास हाच पैसा कोणाच्या मागें न लागतां मिळतो. मात्र मालकापाशीं चालू लायसेन्स पाहिजे. बरोबर बसणाऱ्या कुटुंबियांसाठीं असाच विमा थोडा जास्त हप्ता भरून घेतां येतो.

पांच : मोटारगाडीच्या पॉलिसींत तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाख रुपये असते. हप्त्यांत थोडी सूट मिळते म्हणून ती ६,००० रुपयांवर आणणें हा आंतबट्ट्याचा व्यवहार होय.

सहा : मुदत संपूं देऊं नये. मुदत टळून ९० दिवस झाले म्हणजे सांठलेली बोनसची सूटही जाते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,००० घन सेंटिमीटरपर्यंतच्या मोटारगाडीचा तिऱ्हाइताचा वार्षिक हप्ता कर सोडून २,०९४ रुपये, व ७५ ते १५० घन सेंटिमीटरच्या मोटारसायकलीचा ७१४ रुपये ठरला. लाखांच्या जबाबदारीपुढें ही रक्कम ती काय!

ट्रॅक्टर व ट्रेलर

आमच्या भागांत सर्वांत जास्त घोटाळा येथेंच होतो. ट्रॅक्टरचा विमा उतरविला म्हणजे ट्रेलरचाही झाला, ही समजूत चुकीची आहे. ट्रेलरची वेगळी नोंद पॉलिसींत करून त्याचा हप्ता भरावा. दोन ट्रेलर असल्यास दोहोंचा. पॉलिसींत उपयोग 'शेतीकाम' असा लिहिला असतां भाड्यानें वाळू, विटा किंवा दुसऱ्यांचा माल वाहिला तर कंपनी हरकत घेते. म्हणून कारखान्याशीं वाहतुकीचा करार करणारानें विमा उतरवितांनाच खरा उपयोग सांगून तो लिहवून घ्यावा. ट्रॅक्टरवर चालकावांचून दुसऱ्यास बसावयाची जागा नाहीं. मडगार्डवर बसलेला मनुष्य पडला तर कंपनीकडून त्याची भरपाई मिळण्याची आशा फार थोडी. उसाच्या मोळ्यांवर बसून जाणाऱ्या मजुरांची व त्यांच्या मुलांचीही स्थिति तीच. मजुरांच्या जोखमीचा जादा हप्ता भरावा, आणि मुलांस तर तेथें बसूंच देऊं नये. लायसेन्स नसलेल्या मुलाच्या हातीं ट्रॅक्टर दिला, तर कंपनी तिऱ्हाइतास पैसे देऊन ते मालकाकडून परत घेऊं शकते, हें २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणापासून ठरलेलें आहे. रात्रीं मागचा दिवा व लाल परावर्तक नसलेला ट्रेलर रस्त्याच्या कडेस उभा करणें म्हणजे तर अपघातास आमंत्रणच.

जुना ट्रॅक्टर विकणारानें एक गोष्ट गांठीं बांधून ठेवावी. केवळ स्टॅम्पपेपरवर लिहून देऊन तो सुटत नाहीं. नोंदणी पुस्तकांत ज्याचें नांव आहे तोच मालक समजला जाईल, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं नवीनकुमार यांच्या प्रकरणांत ठरविलें. घेणारानें विमा चालू ठेवला नाहीं व अपघात झाला, तर भरपाई विकणाराच्या माथीं येते. म्हणून परिवहन कार्यालयांत नांव बदलल्याखेरीज वाहन हातावेगळें करूं नये. आणि घेणारानें चौदा दिवसांचे आंत कंपनीस कळवून पॉलिसी आपल्या नांवें करून घ्यावी.

अपघात झाल्यास

जखमीस प्रथम दवाखान्यांत पोंचवावें. समोरच्या वाहनाचा क्रमांक टिपून घ्यावा. 'एम-परिवहन' ह्या सरकारी ॲपवर त्या क्रमांकावरून विमा चालू आहे किंवा नाहीं हें जागेवरच कळतें. पोलिसांत वर्दी द्यावी व आपल्या कंपनीस ताबडतोब कळवावें. समोरचा मालक 'गांवांत मिटवूं' म्हणाला तरी वर्दी टाळूं नये, कारण पुढें दुखणें वाढलें तर हातीं पुरावा राहत नाहीं. न्यायाधिकरणापुढील दावा सहा महिन्यांचे आंत दाखल करावा. तो आपण राहतों त्या भागांतील न्यायाधिकरणांतही करितां येतो.

शेवटीं एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, गळीत सुरू होण्यापूर्वीं ज्याप्रमाणें आपण ट्रॅक्टरचें तेल व टायर पाहतों, त्याचप्रमाणें पॉलिसीची मुदत, ट्रेलरचा क्रमांक व चालकाचें लायसेन्स हेंही पाहावें. गांवोगांवच्या सोसायट्यांनीं आपल्या सभासदांच्या वाहनांची यादी करून मुदतीच्या तारखा फलकावर लावल्या तर त्यास खर्च कांहीं नाहीं. दुसऱ्याच्या विमारहित वाहनापासून आपलें रक्षण चांगली पॉलिसी करील. परंतु आपल्या वाहनापासून शेजाऱ्याच्या मुलाबाळांचें रक्षण करणें हें आपल्याच हातीं आहे.