हिवतापाच्या उरलेल्या गोळ्या

ताप उतरला कीं औषधाची पुडी फडताळांत जाते, ही आमच्या घरोघरची रीत आहे. प्रायमाक्वीनच्या बाबतींत ती दोन्हीं बाजूंनीं नडते. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापावर प्रथम तीन दिवस क्लोरोक्वीन देतात. त्यानें रक्तांतले जंतु मरतात व रोगी उठून बसतो. परंतु कांहीं जंतु यकृतांत निद्रिस्त राहतात आणि कित्येक आठवड्यांनीं, क्वचित् महिन्यांनीं, पुन्हा थंडी भरते. चौदा दिवसांचें प्रायमाक्वीन असतें तें यांच्यासाठीं. बरें वाटतें म्हणून पांचव्या दिवशीं तें सोडणाऱ्यास काय म्हणावें?

मग उरलेल्या गोळ्या थोरल्या वहिनी तापानें फणफणलेल्या धाकट्या दिरास देतात. अगदीं मायेनें देतात! पण कित्येकांच्या रक्तांत जी-६-पीडी नांवाचें संरक्षक द्रव्य जन्मतःच कमी असतें. १९५६ सालीं अमेरिकेंत याच औषधाच्या अभ्यासांतून हा दोष उमगला. अशा माणसाच्या तांबड्या पेशी या गोळ्यांनीं फुटूं लागतात. लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते. तसें दिसतांच गोळ्या थांबवून तत्काळ डॉक्टरांस गांठावें. मुलग्यांत हा दोष आईकडून येतो, आणि ती स्वतः बहुधा निरोगी असते; तेव्हां “आमच्या घरांत असें कोणास नाहीं” या बोलण्यास अर्थ नाहीं. रक्त तपासूनच तो कळतो. गर्भवतीस तर हें औषध देतच नाहींत, कारण पोटांतल्या बाळाचें रक्त कोणी तपासलेलें नसतें.