ओंकारचा तक्ता आणि काकांचे दोन रकाने

२६ जानेवारी जवळ आली की आमच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या. सकाळी मंडळाच्या झेंडावंदनाला निघताना कुणाचा तरी पांढरा सदरा इस्त्रीवाचून राहिलेला असतो, आणि परत आल्यावर दिल्लीचं संचलन टीव्हीवर बघता बघता सगळ्यांचा चहा गार होतो. यंदा माझा भाचा ओंकार आधीच तयारीला लागलाय. नववीत आहे. वहीच्या मधल्या जोडपानावर त्याने पट्टीने रेघा मारून तक्ता केलाय: नाव, पल्ला, वेग, वजन. संचलनात एकेक वाहन समोरून जाईल तशी तो खूण करणार.

पहिला नंबर अर्थातच अग्नी-५ चा, पल्ला ५,००० किलोमीटरहून जास्त. मग प्रलय, ५०० पर्यंत. मग ब्रह्मोस, पिनाक, आकाश. सगळ्यात तळाला नागपूरचं नागास्त्र-१. वजन ९ किलो, हवेत जेमतेम अर्धा तास, पल्ला ३० किलोमीटर. "हे तर खेळणंच आहे," असा शेराही पुढे लिहिलाय.

हैदराबादच्या मुलांना या नावांचं फार अप्रूप नसतं, कारण ती इथलीच. १९८३ साली डॉ. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली क्षेपणास्त्रांचा कार्यक्रम सुरू झाला, तो याच शहरात. पृथ्वी, अग्नी, आकाश, नाग इथल्या प्रयोगशाळांत घडली. कंचनबागेकडे राहणाऱ्या मराठी घरांतून कुणाचे ना कुणाचे वडील, काका, मामा सकाळच्या कंपनीच्या बसने जायचे आणि तिथे काय करतात ते घरी कधीच बोलायचे नाहीत. आमचे काका त्यातलेच. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी "तुम्ही नेमकं काय बनवायचात?" याला त्यांचं उत्तर एकच: "नोकरी."

तर काकांनी ओंकारची वही हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अरे, ही तर सांडशी, उलथनं आणि कुकर यांची उंची मोजल्यासारखी झाली. कुणाचं काम काय, ते कुठे लिहिलंयस?"

मुद्दा खरा होता. अग्नी वातावरणाच्या बाहेर उंच जातं आणि भिरकावलेल्या दगडासारखं कमान करून खाली येतं. ते मुळात वापरावं लागू नये म्हणूनच ठेवलेलं. ब्रह्मोस हवेतूनच, विमानासारखं इंजिन चालवत जातं, पण ध्वनीच्या जवळजवळ २.८ पट वेगाने. पिनाक (पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संस्थेचं काम) ४४ सेकंदांत १२ रॉकेटं सोडून एक अख्खा परिसर भाजून काढतं. कारगिलमध्ये ते वापरलं होतं. आकाश तर मारायला जातच नाही, येणाऱ्याला हवेतच अडवतं.

वेग म्हणजे काय, हे ओंकारला कळावं म्हणून मी आमच्या माहेरचं उदाहरण घेतलं. नांदेडकरांची आधीच माफी मागते. हैदराबादहून नांदेड सरळ रेषेत साधारण २३० किलोमीटर. रेल्वेने आपण पाच-सहा तास जातो. ब्रह्मोसला चार-साडेचार मिनिटं पुरतील. युक्रेनच्या शहरांवर येणारं इराणी बनावटीचं शाहेद-१३६ ड्रोन ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास चालतं, त्याला सव्वा तास लागेल. आणि ते गुपचूपही येत नाही. त्याच्या छोट्या इंजिनाच्या फटफटीवरून युक्रेनमध्ये लोक त्याला मोपेड म्हणतात. आपल्याकडे असतं तर लूना म्हटलं असतं.

"मग असल्या लूनाला कोण घाबरतं?" ओंकार म्हणाला.

काकांनी पेन मागून घेतलं आणि तक्त्याला आणखी दोन रकाने जोडले. एकावर लिहिलं 'किंमत', दुसऱ्यावर 'महिन्याला किती बनतात'.

एका शाहेदची किंमत २० ते ५० हजार डॉलर असावी असा अंदाज सांगतात, म्हणजे १८-२० लाखांपासून ४५ लाख रुपयांपर्यंत. ते पाडायला अमेरिकेचं पॅट्रियट यंत्रणेतलं आधुनिक क्षेपणास्त्र वापरलं तर एकाला सुमारे ४० लाख डॉलर, ३५ कोटींच्या घरात. एकाच्या पैशांत समोरचा शे-सव्वाशे शाहेद पाठवू शकतो. पैशांचं सोडा, संख्या बघा. २०२४ या अख्ख्या वर्षात हे पॅट्रियटचं नवं क्षेपणास्त्र सुमारे ५०० बनलं. युक्रेनच्या हवाई दलाच्या मोजणीप्रमाणे सप्टेंबर २०२५ मध्ये एका रात्रीत रशियाने ८०० हून जास्त ड्रोन सोडले. त्यात कित्येक नुसते फसवे होते, स्फोटकं नसलेले. पण रडारवर दिसणाऱ्या ठिपक्यातला खरा कुठला आणि खोटा कुठला, हे ठरवायला वेळ कुणाकडे असतो?

हे दूरच्या देशाचं म्हणून सोडून द्यावं, तर मे २०२५ फार जुना नाही. माझी मामेबहीण तेव्हा जम्मूत होती, नवऱ्याच्या बदलीमुळे. दिवे बंद, मुलांना आतल्या खोलीत झोपवलेलं आणि बाहेर आकाशात लाल ठिणग्यांच्या रांगा. फोनवर ती फार बोलली नाही, नुसतं "आवाज ऐकू येतोय ना?" एवढंच विचारत राहिली. त्या दिवसांत एका रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी तीन-चारशे ड्रोन आले, असं सरकारने सांगितलं. हेतू मुख्यतः आपली हवाई संरक्षण यंत्रणा चाचपण्याचा असावा, असंही. ते पाडायला आकाश होतंच, पण मोठं काम केलं ते एल-७० तोफांनी. मूळ स्वीडिश, साठच्या दशकापासून आपल्याकडे असलेल्या, नवे कॅमेरे आणि रडार जोडून ताज्या केलेल्या तोफा. लूनावर ३५ कोटी उधळण्यापेक्षा तोफेचा गोळा बरा, हा हिशेब घरखर्च चालवणाऱ्या कुणालाही पटेल.

म्हणून मला संचलनातली सगळ्यात चकचकीत गाडी बघण्यापेक्षा दुसरंच काही बघायची उत्सुकता आहे. एप्रिल २०२५ मध्ये कर्नूलला डीआरडीओने ३० किलोवॅटच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवलं. तेही काम हैदराबादच्याच प्रयोगशाळेचं. काही सेकंद लेझर चालवायला दोनेक लिटर पेट्रोलएवढा खर्च येतो, असं ते सांगतात. ढग, धुकं, धूळ आली की लेझर लंगडं पडतं, हेही खरं.

पण "आता क्षेपणास्त्रांचे दिवस संपले" असं सोशल मीडियावर कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याला नमस्कार करून पुढे जावं. शाहेदच्या पोटात साधारण ५० किलो स्फोटक मावतं. ब्रह्मोस २०० ते ३०० किलो घेऊन जातं, आणि अशा वेगाने, की समोरच्याला सावरायला वेळच मिळत नाही. १० मे २०२५ च्या पहाटे पाकिस्तानच्या हवाई तळांवर मारा झाला, त्याबद्दल बोलताना त्यांच्या पंतप्रधानांनीच जाहीर भाषणात ब्रह्मोसचं नाव घेतलं.

फक्त ब्रह्मोस एकदा सुटलं की सुटलं. मार्च २०२२ मध्ये आपल्याकडून चुकून एक सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही, पण हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांची नोकरी गेली. ओंकारचं 'खेळणं' नागास्त्र मात्र वर घिरट्या घालतं, खालचं चित्र चालवणाऱ्या जवानाला दाखवतं आणि लक्ष्याजवळ शाळकरी मुलं दिसली तर पॅराशूटने परत उतरवता येतं. सेनेने ४८० मागवली आहेत ती उगाच नाहीत.

आणि पल्ल्याचा रकाना? १ जून २०२५ ला युक्रेनने लाकडी खोल्यांच्या छतांत दडवून ११७ छोटे ड्रोन ट्रकने रशियात नेले आणि तिथल्या विमानतळांवर सोडले. एक तळ तर थेट सैबेरियात, सीमेपासून ४,००० किलोमीटरहून लांब. ड्रोनचा स्वतःचा पल्ला थोडकाच होता, बाकीचा ट्रकचा. हे ऐकून ओंकारने खोडरबर काढलं.

संध्याकाळी त्याने तक्ता पुन्हा आखला. नागास्त्रापुढचा शेरा गेला होता. नंबरच काढून टाकले होते, त्या जागी 'काम' असा रकाना आला होता. किंमतीच्या रकान्यात काही आकडे, काही प्रश्नचिन्हं. 'महिन्याला किती बनतात' हा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत कोरा. तो वही घेऊन काकांपुढे उभा राहिला. "आजोबा, निदान आकाशचा तरी सांगा."

काकांनी तक्ता वाचला, एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि वही मिटून परत दिली.

"चहा टाका रे कुणीतरी," म्हणाले.