सातबाऱ्यावर नाव म्हणजे प्लॉट नव्हे

पुणे-नगर रस्त्यानं शिक्रापूर ओलांडलं किंवा सोलापूर रस्त्यानं यवतच्या पुढं गेलं, की उसाच्या फडापुढं फ्लेक्स उभे दिसतात. एक गुंठा, दोन गुंठे, सुलभ हप्ते, साइट व्हिजिट मोफत. खाली ठळक अक्षरांत हमखास लिहिलेलं असतं : 'सातबाऱ्यावर नाव'. शिरूर आणि दौंड तालुक्यांत जागा घेणाऱ्याला सावध करायला जावं, तर तो हेच वाक्य आपल्या तोंडावर फेकतो. "सातबाऱ्यावर नाव लागतंय ना, मग अडचण काय?" एजंट बोलतो, पाहुणे बोलतात, आधी फसलेलेही बोलतात. म्हणून अडचण काय ते एकदा नीट पाहू.

घेणाऱ्याची गरज खोटी नाही. रांजणगाव एमआयडीसीत एलजी, व्हर्लपूल, फियाट यांचे कारखाने आहेत, कुरकुंभला रासायनिक कंपन्या आहेत, दौंड तर जुनं रेल्वे जंक्शन. बीड-लातूरपासून बिहारपर्यंतची माणसं इथं कामाला येतात, खोलीभाडं भरून कंटाळतात आणि चार पैसे साठले की स्वतःच्या जागेचा विचार करतात. पुण्यातले मध्यमवर्गीय 'गुंतवणूक' म्हणून येतात. दोघांनाही विकला जातो तो एकच माल.

आता वस्तुस्थिती. सातबारा हा महसुली दप्तरातला उतारा आहे. जमीन कोणाच्या नावावर आहे, किती आहे, तिच्यावर कोणाचे हक्क आणि बोजे आहेत, पीक कोणतं, हे तो सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 157 नुसार त्यातली नोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. फेरफार नोंदीनं मालकी निर्माण होत नाही, ती नोंद महसुली कामापुरती असते, हे सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलं आहे; 2021 मध्ये जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश या प्रकरणातही सांगितलं. मालकी येते ती नोंदणीकृत दस्तानं, आणि तीही विकणाऱ्याकडं जेवढी होती तेवढीच.

"पण आमचं खरेदीखत नोंदणीकृत आहे," असं लगेच ऐकू येतं. असेल. ते एकदा उघडून वाचा. पण त्याआधी तुकडेबंदी कायदा पाहू; तो 1947 चा. ठरवून दिलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पडेल अशी शेतजमिनीची विक्री किंवा वाटणी करायला तो मनाई करतो. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेनं इथल्या ग्रामीण भागासाठी हे क्षेत्र बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे ठरलं. मग फ्लेक्सवरचा एक गुंठा विकला जातो कसा? दहा अनोळखी माणसं गोळा करायची आणि दहा गुंठ्यांचं एकच सामाईक खरेदीखत करायचं. कागद कायद्यात बसतो. सातबाऱ्यावर दहा नावं लागतात आणि पुढं क्षेत्र साधारण दहा आर. तुमचा प्लॉट नंबर त्यात कुठंच नसतो. पूर्वेला कोण, पश्चिमेला रस्ता, ही तुमच्या गुंठ्याची चतुःसीमा त्यात नसते. रानात मारलेली फक्की आणि कोपऱ्यावर रोवलेले दगड एजंटाच्या खासगी नकाशातले. भूमि अभिलेख कार्यालयाला त्यांचा पत्ता नाही.

म्हणजे तुमचं नाव लागलं हे खरं. पण तुम्ही झालात दहा गुंठ्यांतले सहहिस्सेदार, प्लॉटचे मालक नव्हे. रस्त्याकडेची बाजू कोणाची यावर वाद झाला, तर मोजणीदार दहा गुंठ्यांची हद्द दाखवील, तुमच्या गुंठ्याची नाही. वाटप मागायला गेलात, तर प्रमाणभूत क्षेत्र आडवं येईल. दहांतला एक वारला की त्याचे वारस आले, एकानं कर्ज थकवलं की बोजा त्याच सामाईक उताऱ्यावर आला. अशा जागेवर रीतसर बांधकाम परवानगी मिळत नाही आणि बँकेचं गृहकर्जही नाही. घर बांधून झालेलं असतं, पाहुणे जेवून गेलेले असतात, आणि मग हे कळतं.

अलीकडं या गैरसमजाला नवं बळ मिळालं आहे : "आता तुकडेबंदी उठली." कोणी सांगितलं? 2025 मध्ये सरकारनं सवलत दिली ती पूर्वी पडलेले तुकडे नियमित करण्यासाठी, तेही नागरी हद्दीतल्या किंवा आराखड्यात निवासी वा अन्य बिगरशेती वापर ठरलेल्या जमिनींपुरती. उसाच्या रानात आज नव्यानं पाडलेल्या गुंठ्याला तिचा उपयोग नाही. "पीएमआरडीएच्या नकाशात पिवळा पट्टा आहे" हीसुद्धा तशीच थाप. पिवळा म्हणजे निवासी; पण पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, 2021 मध्ये प्रसिद्ध झाला होता तो प्रारूप आराखडा. प्रारूपातल्या रंगाला मंजुरी म्हणत नाहीत.

आणखी एक कायदा एजंट हटकून विसरतो. 500 चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे असतील, तर प्रकल्पाची महारेराकडं, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडं, नोंदणी लागते. एकर-दोन एकरांची 'स्कीम' काढणाऱ्याकडं नोंदणी क्रमांक मागून पाहा. तो विषय बदलतो आणि चहा मागवतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"घरपट्टी आमच्या नावावर आहे, म्हणजे जागा आमची." ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही करआकारणीची नोंद आहे, तलाठ्याकडचा 8-अ हा वेगळा उतारा, खातेदाराच्या एकूण जमिनीचा. दोन्ही मालकीचे दस्त नव्हेत.

"नोटरी केली आहे." स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय पूर्ण होत नाही. नोटरीच्या शिक्क्यानं सही खरी ठरते, मालकी बदलत नाही.

"शेतकरी दाखला आम्ही काढून देतो." बिगरशेतकऱ्यानं परवानगीशिवाय शेतजमीन घेणं कूळकायद्याच्या कलम 63 च्या विरुद्ध आहे. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन सरकारजमा होऊ शकते.

"जमीन ती जमीन, वर्ग एक काय आणि वर्ग दोन काय." भोगवटादार वर्ग 2 ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. धरणांच्या लाभक्षेत्रातल्या गावांत 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेराही आढळतो. असे शेरे 'इतर हक्क' या रकान्यात असतात, आणि तोच रकाना कोणी वाचत नाही.

"रांजणगाव, एमआयडीसीला लागून." शिरूर तालुक्यात रांजणगावं दोन आहेत. अष्टविनायकाचं आणि एमआयडीसीचं ते रांजणगाव गणपती. रांजणगाव सांडस भीमेकाठी, सोलापूर रस्त्याच्या अंगाला. जाहिरातीत पुढचा शब्द नेमका गाळलेला असतो.

"एमआयडीसी म्हटलं की सगळ्या सारख्या." रांजणगावला घरगुती उपकरणं आणि वाहनं होतात, कुरकुंभला रसायनं. कुरकुंभच्या परिसरात घ्यायचं असेल, तर विहिरीचं किंवा बोअरचं पाणी आधी प्रयोगशाळेत तपासा.

"कालवा आहे, म्हणजे पाणी आहे." खडकवासल्याचं पाणी आधी पुणे शहराला, मग आवर्तनानं दौंडकडं. चासकमानचा कालवा शिरूरच्या काही गावांना भिजवतो, पण कान्हूर मेसाई, पाबळच्या बाजूला उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते. दोन्ही तालुके पर्जन्यछायेत आहेत.

"बिबट्या जंगलात असतो." शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि इथला बिबट्या उसात राहतो, मादी पिल्लंही तिथंच घालते. फडाला लागून घर बांधणाऱ्यानं रात्रीचा विचार करून ठेवावा.

"विमानतळ येतोय, भाव दुप्पट होणार." ज्या गावांत विमानतळ प्रस्तावित आहे, ती पुरंदर तालुक्यात आहेत.

याचा अर्थ इथं जागाच घेऊ नये असा नाही. गावठाणातली जागा, मंजूर रेखांकन असलेला बिगरशेती प्लॉट, किंवा स्वतः शेतकरी असाल तर प्रमाणभूत क्षेत्राइतकी सलग जमीन, हे तिन्ही मार्ग सरळ आहेत आणि दोन्ही तालुक्यांत उपलब्ध आहेत. एवढंच की ते एका गुंठ्याच्या भावात बसत नाहीत, आणि स्वस्तात बसवून देतो म्हणणारा तुम्हाला वेगळीच वस्तू विकत असतो.

तेव्हा विसार देण्याआधी डिजिटल सहीचा सातबारा स्वतः काढा. ऑनलाइन 15 रुपयांत मिळतो. 'इतर हक्क' वाचा, जुने फेरफार वकिलाकडून तपासून घ्या, मोजणीची 'क' प्रत मागा. प्लॉट पाडून विकणाऱ्यानं मंजूर रेखांकन आणि महारेराचा क्रमांक दाखवला नाही, तर तिथून उठा. गेलेला विसार परत आणून देणारं खातं महसूल विभागात नाही.